जन्म हें कोणाचें कर्तृत्व ?

मनुष्याला ज्या ज्या गोष्टींचा अभिमान वाटतो त्यांची यादी केली, तर तींत पहिला मान त्याच्या जन्माला मिळेल. आणि ज्या गोष्टींत त्याचा स्वतःचा हात मुळींच नाहीं, अशी त्या यादींतील गोष्टही तीच ठरेल. पेढीवर बसलेला शेठ 'हें सारें मीं माझ्या दोन हातांनीं मिळविलें' असें छातीवर हात ठेवून सांगतो. वकील आपल्या सनदेकडे व डॉक्टर आपल्या पदवीकडे बोट दाखवितो. आम्ही स्वतः कायद्याचे पदवीधर असल्यामुळें हा दोष आमच्याही अंगीं आहे, हें आधींच कबूल करून टाकतों. ह्या मंडळींनीं श्रम केले नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, तीच बुद्धि, तेच श्रम आणि तोच हिशेबीपणा घेऊन आपण मुंबई-पुण्याऐवजीं आफ्रिकेंतील नायजर देशाच्या एखाद्या खेड्यांत जन्मलों असतों, तर ही पेढी, ही सनद व ही पदवी आज कोठें असती ? पेढीचें राहो, पांच वर्षांचे होईपर्यंत आपण तरी शिल्लक राहिलों असतों काय?

हा प्रश्न रिकामपणचा नाहीं. त्याचा हिशेब मांडतां येतो, आणि हिशेबाचें नांव काढलें कीं आमचे व्यापारी वाचक लक्ष देतील अशी आमची खात्री आहे. भिशीचा व्यवहार त्यांस सांगावयास नकोच. सभासदांच्या नांवांच्या चिठ्ठ्या भांड्यांत टाकतात, एखाद्या लहान पोराकडून एक उचलवितात, आणि ज्याचें नांव निघेल त्याला त्या महिन्याची रक्कम मिळते. जगांत येणाऱ्या प्रत्येक जीवाची अशीच एक चिठ्ठी निघते. फरक असा कीं, भिशींत आज ज्याचें नांव निघालें नाहीं त्याचें पुढें केव्हां तरी निघतें व शेवटीं सर्वांचा हिशेब चुकता होतो. जन्माच्या भिशींत चिठ्ठी एकदांच निघते, ती बदलून मिळत नाहीं, आणि तिच्यावर अपील करावयास कोणतेंही कोर्ट उघडें नाहीं.

त्या भांड्यांत कोणाच्या चिठ्ठ्या किती आहेत तें पाहूं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं जगांत सुमारें १३ कोटि २० लाख मुलें जन्मलीं. त्यांतील शंभर मुलें नमुन्यादाखल घेतलीं, तर सुमारें ४९ आशियांत, ३५ आफ्रिकेंत, ७ मध्य व दक्षिण अमेरिकेंत, ५ युरोपांत आणि ३ अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व कॅनडा ह्या दोहोंत मिळून जन्मलीं. राहिलेल्या एका चिठ्ठीवर ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक महासागरांतील बेटें ह्यांनीं समाधान मानावें. देशवार पाहिलें तर एकट्या भारताच्या चिठ्ठ्या शंभरांत १७ च्या वर, चीनच्या ७, नायजेरियाच्या ६ व पाकिस्तानच्या ५ भरतात. ज्या जपानच्या नीटनेटक्या संसाराचीं वर्णनें आपण कौतुकानें वाचतों, त्याच्या वांट्याला शंभरांत अर्धीच चिठ्ठी येते. कारण २०२३ सालीं तेथें अवघीं ७ लाख २७ हजार मुलें जन्मलीं. नॉर्वेची चिठ्ठी हातीं यावी अशी इच्छा असेल, तर सुमारें अडीच हजार चिठ्ठ्यांत ती एक आहे हें ध्यानांत ठेवावें. सारांश, जेथें जगणें सोपें तेथें जन्म थोडे, आणि जेथें जगणें कठीण तेथें जन्म फार, अशी सध्यां जगाची स्थिति आहे.

आतां चिठ्ठीवर लिहिलेलें काय असतें तें वाचूं. जपान किंवा नॉर्वे येथें जन्मलेल्या हजार मुलांपैकीं वयाचीं पांच वर्षें पुरीं होण्यापूर्वीं दगावतात तीं दोन-तीन. नायजर व नायजेरिया ह्या देशांत २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें हीच संख्या हजारीं शंभरावर आहे. म्हणजे तेथें दहा पाळणे बांधले, तर त्यांतला एक पांच वर्षांच्या आंत रिकामा होतो. त्या सालीं साऱ्या जगांत पांच वर्षांखालील जीं मुलें मेलीं त्यांची संख्या ४९ लाख होती. हीं मुलें कांहीं अपूर्व व असाध्य रोगांनीं मेलीं नाहींत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतांना गुदमरणें, न्युमोनिया, अतिसार, हिवताप, हीं त्यांच्या मृत्यूचीं मुख्य कारणें होत. आणि ह्यांतील बहुतेकांवर उपाय अनेक वर्षांपासून वैद्यकाला ठाऊक आहेत. मुलाची ही कथा, तर आईची तीहून निराळी नाहीं. नायजेरियांत १ लाख जन्मांमागें सुमारें १००० माता दगावतात. नॉर्वेंत त्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी आहे. जो जगला त्याच्या कमाईचेंही तेंच. ब्रँको मिलानोविच ह्या अर्थशास्त्रज्ञानें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें आहे कीं, जगांतील माणसांच्या उत्पन्नांत जो फरक दिसतो, त्याचा निम्म्याहून अधिक भाग तो मनुष्य कोणत्या देशांत राहतो व त्या देशांत उत्पन्नाची वांटणी कशी आहे, एवढ्या दोन गोष्टींवरूनच सांगतां येतो. बुद्धि, उद्योग, काटकसर व नशीब ह्या सर्वांना मिळून जें उरतें तें निम्म्याहून कमी.

येथें आमचे जुन्या वळणाचे कांहीं वाचक म्हणतील कीं, 'ह्यांत नवीन तें काय ? हें सर्व पूर्वकर्माचें फळ होय. ज्याचें जसें संचित तसा त्याला जन्म.' ह्या मताला शेंकडों वर्षें आपल्या समाजांत मान मिळत आला आहे, आणि तें पाळणाऱ्यांच्या श्रद्धेची थट्टा करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु वकिलाला साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावांचून राहवत नाहीं. १९२० च्या सुमारास जपानांत जन्मलेल्या हजार मुलांपैकीं १६० हून अधिक वर्षाच्या आंत मरत; आज दोनही मरत नाहींत. १९०० सालीं इंग्लंडसारख्या साम्राज्याच्या स्वामी असलेल्या देशांत हजारीं सुमारें १५० मुलें पहिला वाढदिवस पाहत नसत. आमच्याच देशांत १९७१ सालीं हजारीं १२९ अर्भकें मरत, तीं २०२३ सालीं २५ वर आलीं. तर मग ह्या अवधींत जपानांत, इंग्लंडांत व भारतांत जन्म घेणाऱ्या जीवांचें पूर्वसंचित एकाएकीं इतकें सुधारलें काय ? कीं सुधारलें तें नळाचें पाणी, गटारें, सुइणीचें शिक्षण, देवीची व इतर रोगांची लस आणि आईचें अक्षरज्ञान ? जें फळ पाण्याच्या नळाबरोबर बदलतें, त्याचा दोष अर्भकाच्या मागच्या जन्मावर टाकणें हा न्याय नव्हे. ती नळ न घालणाऱ्यांची सोय आहे.

चिठ्ठीवरील मजकूर मनुष्याच्या हातचा आहे, ह्याचा ह्याहून बोलका पुरावा पाहिजे असेल तर दूर जावयास नको. १९२१ सालीं मुंबई शहरांतील अर्भकमृत्यूचे आंकडे म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्यानें निराळ्या रीतीनें मांडले. त्यानें जात विचारली नाहीं, धर्म विचारला नाहीं. मूल किती खोल्यांच्या बिऱ्हाडांत जन्मलें एवढेंच विचारलें. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत हजारीं ८०० हून अधिक अर्भकें मेलीं होतीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ३०० हून थोडीं अधिक. तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत २०० च्या आंत. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १५० च्याही आंत. हे आंकडे कांहींसे फुगलेले आहेत हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. कारण गिरणींतल्या पुष्कळ बायका बाळंतपणासाठीं गांवीं जात, जन्माची नोंद तेथें होई, आणि मूल मुंबईस परत आणल्यावर दगावलें तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईच्या नांवावर पडे. परंतु ही सूट कितीही दिली तरी खोल्यांच्या त्या चार पायऱ्या पुसल्या जात नाहींत. एकच शहर, एकच हवा, एकच सरकार. पण चाळीच्या एका दारामागें जन्मलेल्या मुलाची चिठ्ठी निराळी आणि चार पावलांवरच्या बंगल्यांतील मुलाची निराळी. नायजर आणि नॉर्वे ह्यांमध्यें जें अंतर आहे, तें त्या काळीं परळ आणि मलबार हिल ह्यांमध्यें होतें.

हा मजकूर बदलतां येतो कीं नाहीं, ह्याचें उत्तर गडचिरोली जिल्ह्यानें दिलें आहे. तेथें डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ पासून ३९ खेड्यांत गांवांतल्याच बायकांना नवजात अर्भकाची शुश्रूषा शिकविली. मूल जन्मल्यावर त्याला ऊब कशी द्यावी, वजन कसें घ्यावें, श्वास अडला तर काय करावें, जंतुदोष झाला तर सुई कशी टोंचावी, हें त्या बायका शिकल्या. ह्या खेड्यांत मोठें इस्पितळ बांधलें नव्हतें, डांबरी सडक आली नव्हती, लोकांचें दारिद्र्यही नाहींसें झालें नव्हतें. तरी शेजारच्या इतर खेड्यांशीं तुलना करतां तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं कमी झाले, आणि ती हकीकत १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पुढें २०११ सालीं हीच पद्धति भारत सरकारनें 'आशा' कार्यकर्त्यांच्या द्वारें देशभर चालविली. जें काम नशिबाचें म्हणून सोडून दिलें होतें, तें गांवच्या थोड्या शिकलेल्या बाईनें एका पिशवींतल्या सामानानें करून दाखविलें.

कोणी विचारील कीं, तुम्ही राष्ट्रवादी म्हणवितां आणि जन्मभूमीला नुसती भिशींतली चिठ्ठी म्हणतां, हें कसें ? ह्याचें उत्तर आम्हांस अवघड वाटत नाहीं. स्वराज्य आलें तेव्हां ह्या देशांत जन्मलेल्या मुलाची सरासरी आयुर्मर्यादा सुमारें ३२ वर्षें होती. २०२३ सालीं ती ७२ च्या घरांत गेली. परक्या सरकारनें जो मजकूर पिढ्यान् पिढ्या बदलला नाहीं तो आपल्या लोकांनीं बदलला, हीच स्वराज्याची खरी कमाई. राष्ट्राभिमान म्हणजे मला मिळालेल्या चिठ्ठीचा अभिमान नव्हे. माझ्यानंतर त्याच भांड्यांतून ज्यांच्या चिठ्ठ्या निघावयाच्या आहेत त्यांच्यावर कांहीं बरें लिहिलें जावें, ही जबाबदारी पत्करणें म्हणजे राष्ट्राभिमान.

आणि ती जबाबदारी अद्याप पुरी झालेली नाहीं. आमच्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान ह्यांवरून नागरिकांत भेदभाव करण्याची राज्यसंस्थेला मनाई केली आहे. जन्मस्थान हा शब्द त्यांत स्पष्ट लिहिलेला आहे. असें असतां २०२० सालीं केरळांत हजारीं ६ अर्भकें मेलीं, तर मध्यप्रदेशांत ४३. महाराष्ट्राचा आंकडा त्या सालीं १६ होता, म्हणून आम्हीं पाठ थोपटून घ्यावी तर मेळघाट आमच्याच महाराष्ट्रांत आहे. शिवाय चिठ्ठीची आणखी एक बाजू आहे. निसर्गतः शंभर मुलींमागें सुमारें १०५ मुलगे जन्मतात. पण २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांत सहा वर्षांच्या आंतील १००० मुलग्यांमागें मुली अवघ्या ८९४ निघाल्या. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा करण्यांत १९८८ सालीं महाराष्ट्रच पुढें होता, १९९४ सालीं साऱ्या देशासाठीं तसा कायदा झाला; आणि तरीही ही घट ! ही घट मागासलेल्या रानांत झाली असती तर अज्ञानाचें निमित्त सांगतां आलें असतें. परंतु यंत्राची फी भरणारा मनुष्य अडाणी वा कंगाल नसतो. जन्माच्या भांड्यांतून मुलीची चिठ्ठी निघूं नये म्हणून भांड्यांत हात घालणारे लोक आमच्या-तुमच्यासारखे पांढरपेशे व पैसेवाले होते, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते.

आतां देशाच्या सीमेबाहेर पाहूं. आमच्याकडे पूर्वीं वतनें असत. पाटलाचा मुलगा पाटील, कुळकर्ण्याचा मुलगा कुळकर्णी, आणि महाराच्या पोटीं जन्मला त्याच्या कपाळीं गांवकीची राबणूक. लायकी कोणी विचारीत नसे. ह्या महारवतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकर ह्यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत बिल आणलें, आणि स्वातंत्र्यानंतर एकामागून एक कायदे होऊन वतनें रद्द झालीं. जन्मावर हक्क ठेवणें अन्यायाचें आहे हें आपण येथें मान्य केलें. परंतु जगांत एक वतन अजून शाबूत आहे, आणि तें म्हणजे श्रीमंत देशाचें नागरिकत्व. तें बापाकडून मुलाला मिळतें किंवा भूमीवरून मिळतें; गुणावरून नव्हे. १९८७ सालीं जोसेफ कॅरेन्स ह्या लेखकानें त्याची तुलना युरोपांतील जुन्या सरंजामी हक्कांशीं केली, ती आम्हांस यथार्थ वाटते. १९१४ सालीं 'कोमागाता मारू' जहाजांतून ३७६ हिंदी उतारू व्हँकुव्हरच्या बंदरांत पोंचले. ते ब्रिटिश बादशहाचेच प्रजाजन होते. तरी दोन महिने त्यांतील बहुतेकांस जहाजांतच अडकवून शेवटीं परत लावून दिलें. त्यांचा गुन्हा एकच, त्यांची चिठ्ठी चुकीच्या बंदराची निघाली होती. त्या अपमानाची आठवण आपण अजून काढतों, आणि काढावी हें योग्यच. पण त्याबरोबर आपण हेंही आठवावें कीं, १९८७ पर्यंत भारताच्या भूमीवर जन्मलेलें मूल सामान्यतः भारताचें नागरिक होई. त्यानंतर आईबापांपैकीं एक जण भारतीय असण्याची अट आली, आणि २००४ पासून दुसराही बेकायदेशीर रीतीनें आलेला नसावा अशी आणखी अट पडली. प्रत्येक देशाला आपलें दार सांभाळण्याचा हक्क आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. मात्र दार लावणारानें 'आंत मी माझ्या गुणांनीं आलों' अशी बढाई मारूं नये.

कोणी म्हणेल, 'हें सर्व खरें, पण साऱ्या जगाचा भार आम्हीं कां उचलावा ?' ह्याचें उत्तर व्यापाऱ्यांनाच आम्हांहून चांगलें देतां येईल. शंभर व्यापाऱ्यांचा माल शंभर जहाजांवर चढतो. त्यांतलें एक जहाज बुडणार हें सर्वांना ठाऊक असतें. कोणाचें, हें कोणालाच ठाऊक नसतें. म्हणून शंभरही जण विम्याचा हप्ता भरतात, आणि तो भरतांना आपण दानधर्म करतों असें कोणी म्हणत नाहीं. हा शहाणपणाचा व्यवहार होय. १९७१ सालीं जॉन रॉल्स ह्या अमेरिकन तत्त्ववेत्त्यानें न्यायाची कसोटी अशीच सांगितली : आपण कोणाच्या पोटीं, कोणत्या स्थितींत जन्मणार हें ठाऊक नसतां जे नियम आपण पत्करूं ते न्याय्य. त्यानें आपला विचार मुख्यतः एका देशाच्या मर्यादेंत ठेवला व त्यावर पुढें टीकाही झाली; पण कसोटी खरी आहे, आणि पेढीवर बसणाराला ती समजावयास ग्रंथ वाचण्याची गरज नाहीं. आपली चिठ्ठी निघण्यापूर्वीं जर कोणीं विचारलें असतें, तर शंभरांतील शंभर जणांनीं हप्ता भरण्याचें कबूल केलें असतें. चांगली चिठ्ठी हातीं आल्यावर 'मला विम्याची गरज काय' असें म्हणणारा व्यापारी, जहाज बंदराला लागल्यावर हप्ता बुडवूं पाहणाऱ्यासारखा आहे, आणि बाजारांत अशा माणसाची पत काय असते हें आम्हीं सांगावयास नको.

तेव्हां करावें काय ? जगाची उलथापालथ आमच्या हातीं नाहीं. पण आमच्या गांवचें भांडें आमच्या हातीं आहे. पहिली गोष्ट, प्रत्येक नगरपालिकेनें व महानगरपालिकेनें दर वर्षीं आपल्या हद्दींतील बालमृत्यूंचे आंकडे प्रभागवार, आणि शक्य तर खोल्यांच्या हिशेबानें, जाहीर करावे. १९२१ सालीं मुंबईंत परक्यांच्या राज्यांतही जें होऊं शकलें, तें स्वराज्यांत होऊं नये ह्याला कारण दिसत नाहीं. ज्या प्रभागाचा आंकडा सर्वांत वाईट तेथें पाणी, गटार व परिचारिका प्रथम जावी, आणि नगरसेवकांनीं मतें मागावयास येतांना तो कागद हातांत घेऊन यावें. दुसरी गोष्ट, आमच्या धनिक वाचकांनीं आपल्या धर्मादायाचा ओघ थोडा वळवावा. फरशीवर नांव कोरलें जाईल अशा कामांना पैसे मिळण्यास अडचण पडत नाहीं. शिकलेल्या परिचारिकेच्या पगारावर नांव कोरतां येत नाहीं, म्हणूनच तिला आश्रयदात्याची गरज अधिक. तिसरी गोष्ट, गर्भलिंगपरीक्षा करणाऱ्या डॉक्टराइतकाच ती करून घेणारा गृहस्थ दोषी आहे हें आपल्या पंगतींत उघड बोललें जावें. ह्यांतील एकाही कामाला क्रांति करावी लागत नाहीं.

असो. घरीं मूल जन्मलें कीं 'पेढे कीं बर्फी ?' असें विचारण्याची आमच्याकडे चाल आहे. पुढच्या वेळीं शेजाऱ्याच्या, नोकराच्या किंवा दुकानांतल्या हमालाच्या घरीं मूल जन्मल्याची वार्ता कानीं येईल, तेव्हां तो प्रश्न विचारण्याआधीं आमच्या वाचकांनीं दोन प्रश्न विचारावे : बाळंतपणाला शिकलेलें माणूस हजर होतें काय, आणि त्या घरीं पिण्याचें स्वच्छ पाणी येतें काय ? उत्तर नकारार्थी आलें, तर त्या मुलाच्या चिठ्ठीवर काय लिहिलें जात आहे हें आपणांस समजलें. आणि एकदां समजल्यावर तें ब्रह्मदेवानें लिहिलें असें म्हणण्याची सोय कोणालाही राहिली नाहीं.